सातव्या क्रमांकाचा निबंध

तीर्थस्वरूप फिलिबेरदादांस, धाकट्या ओनेझिमचा वाकून नमस्कार. पायाचं दुखणं उतरलं का? वहिनींनी पाठवलेला नासपतीचा मुरंबा पोचला. बरणी तडकली होती, पण चव उत्तम. इकडे मी खुशाल आहे. म्हणजे भूक नाही, झोप नाही आणि शेजारच्या औषधवाल्या गॉद्रोचं नाव निघालं की छातीत जळजळतं. एवढं सोडलं तर खुशाल.

आमच्या विद्वत्सभेनं यंदा निबंधाला विषय दिला होता, ‘ज्ञानानं माणूस अधिक चांगला शेजारी होतो काय?’ (सुचवला मीच, दुसरा कुणी ‘बटाट्याचे गुण’ म्हणत होता.) जिंकणाऱ्याला पदक आणि सभेत खुर्ची. परीक्षक तिघे, त्यांत मी. पद्धत तुम्हांला ठाऊकच आहे: निबंधावर नुसता क्रमांक, नाव त्याच क्रमांकाच्या वेगळ्या मोहोरबंद लिफाफ्यात. जिंकणाऱ्याचा तेवढा फोडायचा, बाकीचे न उघडता शेगडीत. माणूस न पाहता विचार तोलावा, या तत्त्वावर मी स्वतः दीड तास भाषण दिलेलं आहे.

दादा, सातवा निबंध सगळ्यांत चांगला होता, हे फक्त तुम्हांला सांगतो. पण त्यात एक विद्वान गृहस्थ होता. शनीची कडी पाहायला घेतलेली दुर्बीण शेजाऱ्याच्या अंगणाकडे वळवून, त्याच्याकडे कोण कोण जेवायला येतं ते वहीत टिपून ठेवणारा! माझ्या दुर्बिणीचं गॉद्रोशिवाय कुणाला कळणार? (अक्षर नकलनविसाचं होतं, त्यावरून काय कळतंय!) म्हटलं, थांब लेका. ‘तर्क पांगळा, भाषा स्वयंपाकघरातली,’ असं मी ठणकावलं आणि चौथ्या क्रमांकाचा एक गरीब, झोप आणणारा निबंध जिंकवला. लिफाफा फोडला, तर आतून गॉद्रो निघाला. मीही टाळ्या वाजवल्या. तळवे अजून दुखतात. गळ्यात पडून म्हणतो कसा, "ओनेझिम, शेजारी असावा तर असा!" आता दर गुरुवारी तो माझ्याच बाजूच्या खुर्चीत बसणार.

मग सातवा कोणाचा? शेगडीकडे नेताना तो लिफाफा माझ्या बाहीत गेला (बाह्या रुंद आहेत, दोष शिंप्याचा). घरी येऊन फोडला. आत आमच्या क्लोदीनचं नाव. लग्नाच्या बावीस वर्षांत त्या दुर्बिणीतून तिला एकदाही चंद्र दाखवला नाही, दादा. मला लाज वाटली. पण त्याच्या आधी हेवा वाटला. काय लिहिलंय हो तिनं! रोज सूप वाढताना ती विचारते, "बाकीच्या निबंधांबद्दल कुणी काही बोललं का हो?" मी म्हणतो, "मीठ कमी आहे."

आपला,
ओनेझिम

ता. क. ल्यों शहरातल्या वर्तमानपत्रवाल्याशी तुमची ओळख आहे. ‘क्रमांक सातच्या अज्ञात लेखकाची’ थोडी स्तुती छापून आणा. क्लोदीन ते वर्तमानपत्र पहिल्या पानापासून वाचते (मला वाटायचं, टोप्यांच्या जाहिराती बघते).

आणखी ता. क. स्तुती बेताचीच असू द्या. ‘गॉद्रोपेक्षा सरस’ एवढं ठळक येऊ द्या, पण ‘सर्वोत्तम’ हा शब्द नको. तिला खरं वाटेल.