ठिपक्यांत न आलेलं दार

३ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले. आत्यानं दारात थांबवून माझी ओढणी दोनदा सारखी केली, जणू मी पहिलीच्या वर्गात चालले होते. आतोबा म्हणाले, महिनाभर टिकलीस तर तुझ्या खोलीतली माझी खोकी हलवतो.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. चार टेबलं, एक मोठं छपाईयंत्र. आग लागली तर कुठून बाहेर पडायचं हे दाखवणारे हिरव्या बाणांचे फलक भिंतींवर असतात ना, ते इथं बनतात. नकाशे वेक्टर फाइलींत येतात, म्हणजे निव्वळ रेषा; कितीही मोठ्या करा, फाटत नाहीत. यंत्राला मात्र ठिपक्यांचं चित्र लागतं, पीएनजी; आकार लहान निवडला तर त्याच्या कडा चौकोनी, पायऱ्यापायऱ्यांच्या होतात. एकातून दुसऱ्यात रूपांतर करायचं, मूळ नकाशाशी ताडून बघायचं आणि कोपऱ्यात ‘तपासलं’ लिहून सही करायची, हे माझं काम. छपाईवाले काका म्हणाले, सही झोकदार कर, गावभर मिरवणार आहे ती. दिवसभर सहीच गिरवली. छान वाटतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

माझ्या कॉम्प्युटरवर मोठ्या फाइली उघडता उघडत नाहीत. अर्धा दिवस वाया गेला. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी स्वतःहून एका वेबसाइटचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दिला. या इथं सर्वांत जुन्या. हातात सतत स्टीलची पट्टी, म्हणून सगळे मागून पट्टीबाई म्हणतात. दोन दिवसांत माझ्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. काकांनी कारण सांगितलं: माझ्या जागेवर त्यांची भाची यायची होती.

वेबसाइट म्हणजे एक करडं पान. नाव नाही, जाहिरात नाही. फाइल टाकायची, आकार निवडायचा, बटण दाबायचं. अर्ध्या मिनिटात चित्र हजर. दोन तासांत चाळीस फाइली उरकल्या. पहिल्या दोन-चार नीट ताडल्या, मग नुसती नजर टाकत गेले. साहेब खूश झाले. मी पट्टीबाईंचे आभार मानले, तर त्या पट्टी पुसत बसल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

चूक झाली. एका दवाखान्याच्या फलकावर मागचं दारच नाही. वेक्टरमध्ये आहे, ठिपक्यांच्या चित्रात नाही. तिथं सरळ भिंत आलीय. फलक शुक्रवारीच लागलाय. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी बिनपाण्यानं केली. डोळे आहेत की बटणं, असं म्हणाले. पट्टीबाईंच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

काकांबरोबर फलक काढायला गेले. डॉक्टर म्हणाले, कुठलं मागचं दार? आम्ही आत गेलो. भिंत. रंग जुना, कोपऱ्यात ओल, समोर औषधांचं कपाट. तिथली नर्स मात्र भिंतीवर हात फिरवत उभी होती. गुरुवारी मी इथून बाहेर गेले, डबा घेऊन, असं ती पुन्हापुन्हा सांगत होती. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं.

परत येऊन साहेबांना सांगितलं की तिथलं दार खरंच गेलंय; ते म्हणाले, नवा फलक छाप आणि विषय संपव.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चाळीसच्या चाळीस चित्रं पुन्हा ताडली. अजून एक सापडलं. शिवणकामाचा कारखाना, तिसरा मजला, पूर्वेचं दार गायब; तो फलकही लागून गेलेला. जेवणाच्या सुट्टीत धावत गेले. एका लांब दालनात चाळीसेक बायका शाळेचे गणवेश शिवत होत्या. जायला-यायला एकच जिना. पूर्वेला भिंत. थंड, टणक.

त्यांच्यातली एक वयस्कर बाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, इथं दार होतं गं पोरी, आम्ही पलीकडच्या गच्चीत जेवायला बसायचो. आता बोललं की सगळ्या मला वेड्यात काढतात. मालकानं आम्हा दोघींवर आवाज चढवला. मला जिन्यापर्यंत हाकललं.

पट्टीबाईंना सरळ विचारलं, ती वेबसाइट कसली? त्या मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, कसली वेबसाइट? मी कधी चिठ्ठी दिली? काम झेपत नसेल तर तसं सांगावं, माणसांवर ढकलू नये. चिठ्ठी माझ्या खणात होती. आता नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मला एकच सुचतंय. चुकीच्या चित्रानं दार गेलं, तर बरोबर चित्रानं परत यायला हवं. मूळ फाइल पुन्हा त्याच करड्या पानावर टाकली. या वेळी चित्रात दार आलं. मोठा फलक छापून घेतला. काका म्हणाले, नको जाऊस त्या वाटेला. ऐकलं नाही. सही केली, मालकाच्या हातापाया पडून फलक लावून आले. पूर्वेकडे ठळक हिरवा बाण.

भिंत तशीच होती. म्हटलं, उद्यापर्यंत होईल. दवाखान्याचं दारही तीन दिवसांतच गेलं होतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी कारखान्याला आग लागली.

जिन्यात धूर कोंडला होता. दालनातही धुरात भिंती दिसेनात; बायकांनी फलकावरचा हिरवा बाण बघितला आणि पूर्वेकडे धावल्या. एकोणीस जणी भिंतीशी सापडल्या. अग्निशमन दलाचा माणूस म्हणाला, एकमेकींना मागून ढकलत होत्या, मागच्यांना वाटत असणार की दार अडकलंय. खिडक्यांकडे गेलेल्या शिडीनं उतरून वाचल्या.

खिडक्यांकडे बाण नव्हता. बाण मी लावला.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अग्निशमन दलाच्या माणसांनी फलक आणून साहेबांच्या टेबलावर ठेवला. अर्धा जळलेला. सही शाबूत. साहेब म्हणाले, ही नवीन मुलगी, आम्हाला न विचारता लावून आली. काकांकडे बघितलं. ते यंत्राखाली काहीतरी शोधत होते.

आत्याला सगळं सांगितलं. ती माझा हात धरून बसली. आतोबा म्हणाले, दार गायब होतं हे बाहेर कुठं बोलू नकोस. खोकी अजून खोलीत आहेत.

ती म्हातारी वाचली का, कुणी सांगत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साहेबांनी फाइलींच्या खोलीत बसवलं. चुकलं ते सगळं लिहून दे म्हणाले. मी वेबसाइटबद्दल लिहिलं, दवाखान्याबद्दल, नर्सबद्दल. त्यांनी वाचलं, फाडलं. आता नीट लिही. दार ओढून बाहेरून कुलूप लावलं.

इथं वर एक काच आहे. स्टुलावर चढलं की पट्टीबाईंचा कॉम्प्युटर दिसतो.

—

करडं पान उघडलंय. आमच्याच मजल्याचा नकाशा. साहेब खुर्चीमागे उभे. काकाही. पट्टीबाई पट्टी पडद्याला लावून काहीतरी मोजतायत. ही खोली मोजतायत.

काचेवर हात आपटले. तिघांपैकी एकानंही मान वळवली नाही. काकांनी डोळे मिटले, एवढंच.

बटण दाबलं.

—

दार नाही. मी पाठ फिरवली नव्हती. बघत होते. आधी कडी गेली, मग चौकट, मग रंग सारखा झाला. जुना रंग. ओलसुद्धा.

फोन लागत नाही. ओरडून घसा बसला.

काच अजून आहे. पट्टीबाई पुन्हा तेच पान— आकार निवडतायत. सर्वांत लहान—

—

काच गेली

दिवा आहे. कपाटाची कड सरळ राहिली नाही. पायऱ्यापायऱ्यांची झालीय. टेबलाचीही. भिंत पाठीला लागली, मी हलले नव्हते—

लिहायचंय ते आधी. वही ज्याला मिळेल त्यानं शिवणाऱ्या बायकांच्या घरी सांगा, त्या चुकल्या नाहीत. त्यांनी बरोबर वाचलं. सही माझी होती, चिठ्ठी पट्टीबाईंची, आणि साहेबांना मी दवाखान्याच्या वेळीच सांगि—

बोटं नीट मोजता येत नाहीत. चौकोन दिसतात. पेन कुठल्या

आत्या, माझी वाट बघू