जाळीपलीकडची बारकी

दि. ३ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, तूही बरी असशील. मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. पण इस्पितळात नर्सबाईंना धड जेवायलाही फुरसत मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा राग नाही.

तुझ्या बाबांचं ठीक चाललंय. झटक्याने गेलेला उजवा हात अजून उचलत नाही, बोलणंही फुटत नाही. डॉक्टर म्हणतात, ऐकू येतं, कळतंही सगळं, शब्द तेवढे जिभेवर येत नाहीत. या माणसाने जन्मभर लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवल्या, आणि आता चहाचा कप धरायला मी लागते.

मुख्य बातमी वेगळीच आहे. आपल्या पाचही कोंबड्या म्हाताऱ्या झाल्या. सगळ्या मिळून आठवड्याला चार अंडी, तीही आमच्यावर उपकार केल्यासारखी. म्हणून अंडीवाल्याकडून सहा पिल्लं आणली. सुरुवातीला स्वयंपाकघरात खोक्यात, दिव्याच्या उबेला ठेवली होती. आता दोन महिन्यांची झालीत, अंगभर पिसं आलीत. पण एकदम सोडायची नाहीत, असं अंडीवाल्याने बजावलंय. बाबांनी पूर्वी केलेली जाळीची चौकट खुराड्यात मधोमध उभी केलीय. अलीकडे म्हाताऱ्या, पलीकडे पोरी. एकमेकींना दिसतात, पण चोच पोचत नाही. म्हाताऱ्यांत एक थोराड तांबडी आहे, तिला मी मुकादमीण म्हणते. ती दिवसभर जाळीशी उभी राहून पोरींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असते.

बाबा अंगणात खुर्चीवर बसून हा तमाशा बघतात. पोरींमध्ये एक ठिपक्यांची आहे, अंगाने अगदीच बारकी. ती दिसली की डावा हात वर करून "ठ... ठ..." असं काहीतरी करतात. घशाचा व्यायाम होत असेल. चांगलंच आहे.

सवड मिळाली तर येऊन जा. आग्रह नाही.

तुझी,
आई

दि. २६ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

हे पत्र लिहायला बसले आणि दोनदा उठले. एकदा दूध बघायला, एकदा उगाचच.

बारकी मेली.

दहा दिवसांनी आम्ही जाळी काढली. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी मुकादमिणीने बारकीला कोपऱ्यात गाठून तिचं डोकं रक्तबंबाळ केलं. मला दया आली. मी बारकीला उचललं, औषध लावलं आणि स्वयंपाकघरात ठेवून घेतलं. आठ दिवस भाताची शितं खाऊन चांगली गुबगुबीत झाली. केवढी मी मायाळू, असं माझं मलाच वाटत होतं. परवा जखम भरलेली दिसली म्हणून तिला खुराड्यात सोडलं आणि मी कपडे वाळत घालायला गेले.

मागे बाबा काठी आपटत होते. मला वाटलं, चहा हवा असेल. "आले हो, जरा दम धरा," असं मी ओरडलेसुद्धा. शेवटची चादर दोरीवर टाकून वळले तोवर सगळं आटोपलं होतं. एकटी मुकादमीण नव्हती. बारकीबरोबर एकाच खोक्यात वाढलेल्या त्या पाच जणीही तिच्यावर तुटून पडल्या होत्या. आठ दिवसांत ती त्यांना परकी झाली होती.

तुझे बाबा रडले. हात गेला तेव्हाही ते रडले नव्हते.

अंडीवाल्याला सांगितलं तर त्याने कपाळावर हात मारला. "अहो काकू, मार खाणारीला कशाला उचललंत? मारणारीला उचलायचं. चार दिवस एकटी पडली की उतरतो तिचा तोरा. जिला बाहेर काढाल ना, तिची जागा जाते."

हे मला वेळेवर कुणी सांगितलं नाही, असं म्हणून हात झटकता आले असते. पण तुझ्या वेळी मला सगळं कळत होतं, ठकू.

तू दहा वर्षांची होतीस. माझ्या थोरल्याने तुला हत्यारांच्या खोलीत कोंडलं, दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. धाकटीने तुझ्या आईचा फोटो फाडला. दोन्ही मला माहीत होतं. "मुलांची भांडणं, त्यांची ती मिटवतील," असं मी म्हणत राहिले. माझ्या मुलांना ओरडायचं तर आधी तुझ्या बाबांना सांगावं लागलं असतं. मला भीती वाटायची की मग या घरात माझी मुलं नकोशी होतील, आणि पाठोपाठ मी. ते बाहेरगावी महिनाभराच्या कामावर गेले आणि मी तुझी ट्रंक भरून तुला आत्याकडे पोचवलं.

दारात तू विचारलंस, "बाबांना माहीत आहे?" मी म्हटलं, "त्यांनीच ठरवलंय. त्यांना आता तुझी कटकट नको."

ते खोटं होतं. ते परत आले तेव्हा त्यांना सांगितलं की ठकू स्वतःच हट्ट धरून गेली, तिला इथे राहायचं नाही. तेही खोटं. ते तसेच आत्याकडे गेले. तू खोलीतून बाहेर आली नाहीस. ते दुपारभर ओट्यावर बसून परत आले आणि म्हणाले, "पोरीचं मन उडालं माझ्यावरून." मी त्यांना जेवायला वाढलं. एक शब्द बोलले नाही. पंचवीस वर्षं झाली, अजून बोललेले नाही.

ज्यांच्यासाठी हे केलं, त्यांतला एक महिन्याकाठी फोन करतो आणि दुसरी तोही करत नाही. पण ते रडगाणं तुझ्याकडे गाण्याचं मला तोंड नाही.

तो घशाचा व्यायाम नाही. ते तुझं नाव घ्यायला बघतात. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो. तू ये. मला माफ करू नकोस, पण ये.

दि. १५ मार्च

ठकू,

तुझं दोन ओळींचं पत्र मिळालं. "मी बाबांसाठी येते. पण मी आत पाऊल टाकेन तेव्हा तुम्ही त्या घरात नसलं पाहिजे." बरोबर आहे तुझं. तू याहून वाईट लिहिलं असतंस तरी मी वाचलं असतं.

शनिवारी सकाळी मी माझ्या बहिणीकडे जाते. तू येईपर्यंत शेजारची शिंपीण त्यांच्यापाशी बसेल. किल्ली तिच्याकडेच. औषधं खिडकीत क्रमाने लावली आहेत. घास डाव्या बाजूने भरव, उजवीकडे अडकतो. साखर मागतील, तोंड एवढंसं करून मागतील, फसू नकोस. दाढी करताना मान हलवतात. तू नर्स आहेस, मी तुला काय शिकवणार! पण माझं आवरून झालंय, आणि हात रिकामे ठेववत नाहीत.

बहिणीचा गुडघा धरलाय, असं त्यांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तेव्हा सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तोंड उघडलं, आणि "लवकर येते" एवढंच मी म्हणाले.

तेव्हा ते काम तुझ्यावर टाकते. माझं आधीचं पत्र त्यांना वाचून दाखव. एकही वाक्य गाळू नकोस. लेकीला आपण नकोसे झालो, असं समजून हा माणूस पंचवीस वर्षं गप्प बसला. तेवढं तरी ओझं उतरू दे त्यांचं.

वाचून झाल्यावर त्यांनी मला बोलावण्याची खूण केली, तर कळव. नाही केली, तर काहीच कळवू नकोस. मी समजून जाईन.

तुझी सावत्र आई