बाहीवरची हिमफुलं

जलाल-आबाद,
१८ ऑक्टोबर १९८६

चि. जीदेगुल हिस थोरल्या बहिणीचे, तुझ्या एजेचे, अ. आ. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. अक्रोड झोडून झाले, घरभर सगळ्यांचे हात काळे.

तुझं पत्र पोचलं. बाबांना जाऊन दोन महिने झाले तरी आई रडत नाही, बोलत नाही, उंबरा ओलांडत नाही, हे बरं लक्षण नव्हे. घाट बंद व्हायच्या आत ह्यांना गाडी घेऊन पाठवते. तिचं बोचकं बांधून ठेव. इथल्या उबेत गुडघे तरी दुखणार नाहीत.

इथला हिवाळा म्हणजे पाऊस आणि चिखल. परवा मुलांना सांगत होते, पहिलं बर्फ पडलं की बाबा काळ्या कोटाची बाही पुढे करायचे आणि आपण दोघी टाचा उंचावून बघायचो. मसुरीएवढी चांदणी, सहा पाकळ्या, प्रत्येक पाकळीला नेच्याच्या पानासारखी कातर. तू हटकून श्वास सोडायचीस, ती विरघळायची, मग मी तुला चिमटा काढायचे. मुलांना वाटतं, मी थापा मारते.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
उलकान

आत-बाशी,
३ नोव्हेंबर

उलकान एजेस धाकटीचा सलाम. वि. वि.

हे पत्र साबिर भावोजींच्या हाती देतेय आणि ते एकटेच येताहेत. आधी सगळं वाच, मग चीड.

काल सकाळी ते गाडी सुरू करून बसले होते. आई मुकाट्याने माझ्या आधाराने निघाली. वारा पडलेला होता. अंगणात आलो आणि बर्फ सुरू झालं, सावकाश, सुटं सुटं. तिच्या काळ्या शालीवर एक फूल उतरलं. आईने शालीतला हात डोळ्यांजवळ नेला. मी काही बोलणार, तर म्हणाली, तोंड मीट गं, विरघळेल ते. दोन महिन्यांतलं हे तिचं पहिलं बोलणं.

मग आम्ही बघतच राहिलो. एकाच्या मधोमध काचेची टिकली, दुसऱ्याच्या कडा सुईने विणल्यासारख्या. एकाची पाकळी मोडकी निघाली. हा लंगडा, तुझ्या बाबांसारखा, असं म्हणून आई हसली आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना. मी थांबवलं नाही.

डोळे पुसून तिने भावोजींना सांगितलं, जर्दाळू पिकले की येईन, आत्ता नाही. घरात आल्यावर चहा पाणचट केला म्हणून मला बोलली. भावोजी म्हणतात, इथे सासूपुढे हरणं सोपं, खरी लढाई घरी आहे.

राग थोडा, लोभ जास्त ठेव.

तुझीच,
जीदेगुल

जलाल-आबाद,
१२ नोव्हेंबर

चि. जीदेगुल हिस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री हे म्हणाले, आईला थंडीतून सोडवायचं म्हणत होतीस, पण बर्फाचं सांगताना डोळे तुझेच भरत होते. त्यांचं काही खोटं नाही. लग्न झाल्यापासून एक हिवाळा मी तिकडे काढलेला नाही.

घाट बंद झालाय. म्हणून फ्रुंझे शहरावरून मोठ्या वळशाने येते, ऐनुराला घेऊन. आईला कळवू नकोस, नाहीतर ती आजच कणीक मळायला बसेल. लेकीसाठी जाडे बूट बघून ठेव, आमच्याकडे नाहीत.

थंडीची माझी सवय मोडली आहे. दारात कुडकुडत उभी राहिले तर हसू नका. किंवा हसाच.

बाकी लोभ समोरासमोर.

तुझी,
उलकान