रुमालाखाली जळणारा टीव्ही

नंदनवन, नागपूर
डिसेंबर १९८७

तीर्थरूप मामाजींच्या पायांवर मधुकरचे डोके,

इकडे मी जेवूनखाऊन धडधाकट आहे. आपला गुडघा, सासूबाईंचा खोकला, शामलेची झोप आणि बाळीचा दात (तो आला की नाही याबद्दल शामलेच्या दोन पत्रांत दोन मते आहेत) या सर्वांची खुशाली कळवावी. मिरचीचा पुढचा तोडा निघाला असेल. भाव बरा मिळो.

आपण मागच्या आठवड्यात नागपूरला येऊन गेलात. त्या दिवशी आपल्या हातून काय घडले हे आपल्याला अजून ठाऊक नाही, आणि मलाही तेव्हा सांगता आले नाही, कारण माझ्या तोंडात सासूबाईंची भाकरी होती आणि डोळ्यांत पाणी (ठेच्याचेही होते, पण सगळे ठेच्याचे नव्हते). आपण थोडी वीज वाचवली असे समजून आपण संध्याकाळच्या एसटीने परत गेलात. मामाजी, आपण माझी नोकरी वाचवून गेलात. ती कशी, हे सांगायला हे पत्र.

आपली सवय मला नवी नाही. ज्याच्या विहिरीवरची मोटार विजेची वाट बघत बसते, त्याला दुसऱ्याच्या घरचा रिकामा दिवा खुपणारच. आमच्या लग्नात पंगत चालू असताना आपण मांडवाची रोषणाई बंद केलीत ("नवरदेव समद्यायनं पाह्यला, आता कायले जाळता?") आणि माझ्या मावसभावाने अंधारात शेजारच्या पानावरची जिलबी उचलली. तो विषय आमच्याकडे अजून निघतो. मीही तेव्हा हसलो होतो. आता हसणार नाही.

आता आमच्या कामाचे. आपण विचारले होते, "मशीनवर बसून करता तरी काय?" मामाजी, मी जागा सांभाळतो. आमच्या संत्रा बागायतदार संघाने जे मशीन घेतले आहे, त्यावर युनिक्स नावाची व्यवस्था चालते, आणि सगळी माहिती डिस्कवर राहते. पहिली डिस्क भरत आली म्हणून दुसरी मोठी घेतली. गंमत अशी की युनिक्समध्ये नव्या डिस्कला स्वतःचे दार नसते. जुन्या घरातली एक रिकामी खोली दाखवायची आणि नवी डिस्क त्या खोलीच्या जागी जोडायची. मग त्या दाराने आत जाणारा थेट नव्या डिस्कवर पोचतो. खोलीत आधीपासून काही पडलेले असेल तर ते कुठे जात नाही, पण दिसत नाही. आपल्या ओसरीवर मिरच्या वाळत असाव्यात आणि कोणी वरून सतरंजी अंथरावी, तसे. मिरच्या आहेत, पण पाहुणे सतरंजीवर बसलेत.

झाले असे, की आपण यायच्या आदल्या दिवशी, सोमवारी, वीज गेली आणि आली (आपल्याकडे जाते आणि येत नाही, एवढाच फरक). मशीन पुन्हा सुरू झाले, पण नवी डिस्क आपोआप जोडली जाईल अशी ओळ मुंबईच्या इंजिनिअरने लिहिलीच नव्हती. आमच्या दोन मुली दिवसभर काटोलच्या बागायतदारांच्या ट्रकच्या पाळ्या भरत बसल्या. कोणाचा माल कोणत्या दिवशी कोणत्या ट्रकमध्ये चढणार, ते सगळे. ते सगळे त्या रिकाम्या खोलीत पडत गेले. मंगळवारी सकाळी माझ्या लक्षात आले की डिस्क जोडलेली नाही, आणि मी मोठ्या तत्परतेने जोडली. झाली सतरंजी अंथरून. सोमवारच्या पाळ्या दिसेनाशा.

आपण म्हणाल, कागदावरून पुन्हा भरा. कागद असता तर! आमचे सचिव मनोहरराव यांनी मशीन आल्यापासून संघात चिठ्ठ्या बंद केल्या आहेत. बागायतदाराने काउंटरवर तोंडाने सांगायचे, मुलींनी भरायचे, आणि मनोहररावांनी पाहुण्यांना दाखवायचे की बघा, आमच्याकडे कागद नाही. दुपारी ट्रक लागणार होते. काटोलच्या बसमधून माणसे उतरून आवारात जमायला लागली होती, आणि तोडलेला संत्रा कोणासाठी थांबत नाही. गोंधळ झाला असता तर पहिली कुऱ्हाड माझ्यावर पडणार होती, कारण माझी नोकरी अजून कच्ची, आणि कच्च्याला काढायला मीटिंगसुद्धा लागत नाही.

उपाय मला माहीत होता. सतरंजी उचलायची, मिरच्या काढून घ्यायच्या, पुन्हा सतरंजी घालायची. मी हुकूम दिला. मशीन म्हणाले, डिस्क कामात आहे. पुन्हा दिला. कामात आहे. सतरंजीवर कोणीतरी बसलेले असले की ती निघत नाही, हा युनिक्सचा नियम. (चांगला नियम आहे. आमच्या लग्नात तो असता तर पंगतीखालची बस्करे कोणी ओढली नसती.) कोण बसले आहे म्हणून पाहिले, तर खुद्द मनोहरराव! आणि मनोहरराव तर सकाळीच काटोलच्या मंडीत गेलेले, केबिनला कुलूप लावून.

त्याचे कारण ऐका. आमच्या मशीनवर एका वेळी आठच माणसे बसू शकतात. एकदा मनोहरराव चहाला गेले आणि परत येईपर्यंत आठही जागा भरल्या. संघाच्या सचिवाला स्वतःच्या मशीनवर जागा नाही! तेव्हापासून ते मशीनमधून बाहेर पडतच नाहीत. आत शिरलेले तसेच ठेवतात, टर्मिनल, म्हणजे टेबलावरचा टीव्हीसारखा पडदा, चालूच, आणि त्यावर आपला चौकड्यांचा रुमाल पसरून निघून जातात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, अगदी तसे. त्या दिवशी तो रुमाल काटोलच्या सगळ्या संत्र्यावर पसरलेला होता.

त्यांना हुसकायचा जोराचा हुकूम माझ्याकडे होता. पण मनोहरराव वार्षिक सभेचे भाषण मशीनवर लिहीत होते, त्या सकाळी डिस्क जोडल्यापासून निघेपर्यंत (मशीनला देवनागरी येत नाही, म्हणून मराठी भाषण रोमन अक्षरांत), आणि ते जपून ठेवायचा हुकूम त्यांनी एकदाही दिला नव्हता. मी जोर केला असता तर भाषण गेले असते. सचिवाचे भाषण घालवणाऱ्याची नोकरी पक्की होत नाही. पाळ्या घालवणाऱ्याचीही होत नाही. मी बोट कळीवर ठेवून बसलो होतो, मामाजी, आणि खरे सांगतो, मला बागायतदार दिसत नव्हते की सचिव. मला बारशाच्या दिवशीची आपली ओसरी दिसत होती. "जवाईबापू, नोकरी पक्की झाल्याचा कागद दाखवा, मंग लेकीले अन् नातीले धाडतो." म्हणणे रास्त होते. पण मी इकडे पाळणा आणून ठेवला आहे आणि त्यात सध्या माझे धुतलेले कपडे असतात.

नेमके तेव्हाच आपण आलात. मला कळलेही नाही. आमच्या नत्थू शिपायाने आपले धोतर, टोपी आणि मिरच्यांची पिशवी पाहिली, आपण "सायबाले भेटाचं हाय" म्हणालात, आणि त्याने कोणी संचालक समजून केबिनचे कुलूप काढून आपल्याला आत बसवले. नंतर आपण माझ्या दारात येऊन उभे राहिलात. माझी पहिली भावना (क्षमा असावी) अशी झाली की आजच्याच दिवशी हे चौकशीला यायचे होते!

"जवाईबापू, तुमचे सायेब भारीच दिसते. खोलीत माणूस नाही, अन् पंखा चालू, लाइट चालू, टीव्ही जळून राहिला. वरून फडकं टाकलं होतं. चोरून जाळते काय?"

मी विचारले, मग?

"मंग काय? समदं बंद केलं. फडक्याची घडी घालून ठेवली."

मी मटकन खाली बसलो हे आपण पाहिलेच. आपण म्हणालात, "काहून, चक्कर आली काय?" आणि पाणी आणायला गेलात. तेवढ्यात मी सवयीने पुन्हा तोच हुकूम दिला. मशीन काहीच बोलले नाही. मामाजी, युनिक्सची रीत अशी की काम फसले तर बोलते, काम झाले तर एक शब्द काढत नाही. टीव्ही बंद होताच मनोहरराव सतरंजीवरून उठले होते, आणि ती निघाली होती! खाली सोमवारच्या पाळ्या जशाच्या तशा, एकही दाणा इकडेतिकडे नाही.

आपण पाणी घेऊन आलात आणि विचारले, "झालं?" मी म्हटले, झालं. काय झालं ते आपण विचारले नाही. डबा उघडलात, भाकरी पुढे केलीत, स्टुलावर बसून मी जेवेपर्यंत बघत राहिलात, आणि मग कोटाच्या खिशातून बाळीचा फोटो काढून कीबोर्डवर ठेवलात. त्यासाठी आला होतात आपण. दुखऱ्या गुडघ्याने, भिवापूरहून, एका फोटोसाठी. आणि मी समजलो होतो चौकशीला. ट्रक वेळेवर भरून गेले, पण मला त्या दिवसातले तेच आठवते.

बुधवारी मनोहरराव आले आणि केबिनमधून गर्जना झाली. मी दारात जाऊन उभा राहिलो. पण टर्मिनल चालू केल्यावर मशीनची त्यांना चिठ्ठी आलेली होती, की आपला फोन खाली ठेवला गेला, म्हणून आपले लिखाण आम्ही जपून ठेवले आहे. टर्मिनल बंद झाले की मशीन असे समजते, आणि अर्धवट लिखाण स्वतःहून सांभाळते. (हे पुस्तकात होते. मी वाचले नव्हते.) मनोहरराव दोनदा म्हणाले, "पण मी फोन कधी ठेवला?" मग त्यांनी भाषण पाहिले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शाबूत, आणि त्यांचा चेहरा उजळला. मशीनलासुद्धा भाषणाची किंमत कळली, असे ते आता सगळ्यांना सांगतात. शनिवारी त्यांनी माझी नोकरी पक्की केल्याच्या कागदावर सही केली. नक्कल सोबत जोडली आहे.

आपले उपकार कसे फेडू हे मला कळत नाही. माझे वडील असते तर त्यांनीही माझ्यासाठी यापेक्षा जास्त काही केले नसते, आणि त्यांनी जाताना दिवा चालूच ठेवला असता. सासूबाईंना नमस्कार, शामलेला आशीर्वाद (तिला हा शब्द आवडत नाही, तरी), बाळीला पापा.

आपला,
मधुकर

ता. क. मनोहररावांना यातले काही कळू देऊ नये. आपल्या पिशवीतल्या मिरच्या मी त्यांना दिल्या, त्या त्यांच्या घरी फार आवडल्या आहेत, आणि रुमालाची घडी मशीननेच घातली असे त्यांना वाटते की काय, मी विचारलेले नाही.

ता. क. २. जाताना व्हरांड्यातले एक बटण आपण बंद केलेत. ते मशीनच्या खोलीतल्या एसीचे होते. मी आणि नत्थूने तासभर सुपाने वारा घातला. पत्रात लिहिणार नव्हतो.

ता. क. ३. हे सगळे लिहिले ते एवढ्यासाठी, की शामलेला आणि बाळीला आता पाठवावे. पाळण्यातले कपडे मी काढले आहेत आणि माझा धुतलेला रुमाल पसरून जागा धरून ठेवली आहे. आपण मोजके बोलता. तेव्हा युनिक्सच्या रीतीने, आपले उत्तर आले नाही तर काम झाले असे समजून रविवारच्या पहिल्या एसटीने न्यायला येतो. आपणही सोबत चला. नंदनवनात आल्याबरोबर रुमाल आपल्याच हाताने उचला. दिवा मात्र त्या दिवशी रात्रभर चालू राहील.