एकोणीस वर्षांचं प्रसाधनगृह

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय टंकलेखन (आता निवृत्त), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि जरा रागातच लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. मत्सराची तपासणी त्या करीत नाहीत.

१. राहतं घर, बाहेरची खोली सोडून, धाकट्या बहिणीस. भावाच्या मुलास भिंतीवरचं घड्याळ. मी कधी जाते याची तो वाट बघतोय, वेळ तरी नीट कळेल.

२. बाजारात बायकांची सोय व्हावी म्हणून मी एकोणीस वर्षं अर्ज केले. "संडास" लिहायची लाज वाटली, म्हणून प्रत्येक अर्जात "प्रसाधनगृह" लिहिलं. त्या एका शब्दापायी सगळे अर्ज सुशोभीकरण विभागात जात राहिले. एकदा मंजुरी आली आणि बाजारात फुलझाडांच्या चार कुंड्या येऊन पडल्या. त्यांना पाणीही मीच घालत होते.

३. मग माझी भाची, याच बहिणीची मुलगी, जिला सगळे भिंगरी म्हणतात, पाच-सहा पोरापोरींना घेऊन उभी राहिली. पुठ्ठ्यावर लिहिलं, "बायकांना संडास पाहिजे." चार महिन्यांत बांधून झाला! उद्घाटनाला मला पहिल्या रांगेत बसवून म्हणाली, "ही सगळी मावशीची प्रेरणा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रेरणा कसली डोंबलाची? काम माझं होतं. माझं! घरी येऊन मी जेवलेही नाही.

४. महिन्यापूर्वी ती पुन्हा आली. आता मागच्या बाजारातही संडास बांधायचाय. तिथल्या कापडवाल्याने दुकानामागची जागा द्यायचं मला लिहून दिलं होतं. तो आता हयात नाही आणि मूळ कागद माझ्याकडे.

"मावशी, तो कागद सापडतोय का गं? पुढच्या महिन्यात जागेची सुनावणी आहे, तेवढ्यावरच अडलंय."

"हरवला," मी म्हटलं.

"मग तुझी जुनी फाइल तरी बघू दे."

"तीही हरवली."

धडधडीत खोटं. फाइल कपाटात, चादरींखाली आहे. ती उघडली तर पानोपानी तो शब्द दिसेल आणि अख्खी टोळी मला हसेल, ही भीती. शिवाय हे दुसरं यश तिला मिळू नये असंही वाटत होतं. लिहिलं एकदाचं.

५. <s>माझ्या पश्चात</s> सदर फाइल, मूळ कागदासह, भिंगरीस, आणि बाहेरची खोली व टाइपरायटर तिच्या टोळीस द्यावेत. सध्या ती पोरं जिन्यात बसून बैठका घेतात आणि मी दाराआड कान लावून बसते. अट एकच : अर्जात साधे शब्द वापरावेत.

६. साक्षीला आलेल्या डॉक्टरीणबाई वरचं कलम वाचून म्हणाल्या, "सुनावणी परवा गुरुवारी आहे ना? आणि तुम्ही तर अजून दहा वर्षं कुठे जात नाही."

बाई आगाऊ आहे, पण बोलली ते खरं. म्हणून कलम ५ मधले पहिले दोन शब्द मी स्वतः खोडले आहेत. तिथे "आजच" असं वाचावं. हेवा मात्र कोणाला देत नाही, तो माझ्याकडेच राहील.

साक्षीदार :
१. डॉक्टरीणबाई (सही)
२. खालचा शिंपी (सही. फाइल काढायला चादरी यानेच उचलल्या.)

दिनांक : मंगळवार, १४
स्थळ : पोरांची खोली

सही : भिंगरीची मावशी