घरी भांडून आलेल्यानं झाडावर चढायचं नाही

अप्पा, आज तुमच्या नियमानं मी माझ्याच नवऱ्याला झाडावरून खाली उतरवलं. झाडं तोडायचं तुमचं काम आता मी चालवते, हे तुम्हाला कुठलं ठाऊक असणार! तुम्ही गेलात तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. आता हेल्मेट आहेत, कमरेला पट्टे आहेत, मशीनची करवत आहे. पण माणूस चढण्याआधी मी तुमचंच विचारते. ऊटा आयता? जेवलास ना? घरी जगळा, भांडण नाही ना? उपाशी माणसाचं आणि भांडून आलेल्या माणसाचं फांदीवर लक्ष नसतं, म्हणायचात.

बोगादी गावातला तो दिवस आठवतो. शाळेला सुट्टी म्हणून मी तुमच्याबरोबर. देवराज मोहल्ल्यातल्या एका सराफाचं तिथलं नवं घर, दुसऱ्या दिवशी दारात लग्नाचा मांडव, आणि चिंचेची वाळकी फांदी बरोब्बर कौलांवर. दोर धरायला खाली दोघे, चढणारे तुम्ही एकटेच. तुम्ही कमरेला दोर बांधता, थांबता आणि सोडून टाकता. "आत्ता बेडा, नको. सकाळी हिच्या आईशी भांडलोय." सराफ कपाळावर हात मारतो. "अहो, बायकोशी कोण भांडत नाही? मी तर रोज भांडतो!" "तुम्ही झाडावर चढत नाही," म्हणालात आणि मला दांडीवर बसवून सायकलला टांग मारलीत. दुपारी परतलो ते आईला मागे बसवून. अगंबाई, काय लाजली होती ती! सराफीणबाईंनी तिला कॉफी दिली आणि तुम्ही शीळ घालत वर चढलात. एक कौल फुटलं नाही. तुमची ती शीळ आज फार ऐकावीशी वाटते.

आज सकाळी आमचं कडाक्याचं वाजलं. कशावरून ते विचारू नका. झाडाखाली मी विचारलं, तर हे सगळ्यांसमोर "काही नाही, सगळं बरंय" म्हणाले आणि चढायलाच लागले. मी ओरडले, "उतरा!" तोंड पाडून उतरले. काम उद्यावर गेलं. तुमचा जुना दोरवाला म्हणाला, "अप्पांची लेक शोभतेस हो अक्का." आता हे बाहेर जगलीवर, ओट्यावर पाठ फिरवून बसलेत आणि मी आत लिहीत बसलेय. हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार मी? म्हणून खरं तेच लिहिते. भीती वाटली होती, ते खोटं नाही. पण चार माणसांत त्यांना खाली उतरवताना मला बरंही वाटलं. सकाळचं भांडण मी तिथं जिंकून घेतलं, अप्पा.