प्रोजेक्टर पसंत पडेना

मंगळवार, ४ मार्च

चि. भोंग्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझे भाऊजी गुडघ्याच्या नावाने ओरडतात आणि क्रिकेट लागलं की जिना धावत चढतात. तुझी बायको आणि पोरगी मजेत ना? फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतोस! पाळण्यात असल्यापासून भोंगा वाजतोय तो वाजतोच आहे.

सध्या माझ्या मागे प्रोजेक्टरचं लचांड लागलंय. इथे आपल्या कंपनीच्या मुख्य कचेरीत सगळ्या खातेप्रमुखांची बैठक घ्यायची आहे आणि जुन्या प्रोजेक्टरवर गोऱ्या माणसालाही कावीळ झालेली दिसते. साहेब म्हणाले, "बाई, खरेदी तुमच्याकडे आहे. चांगला बघा, पण स्वस्तातला बघा." म्हणजे आखूडशिंगी, बहुदुधी गाय शोधायला मी निघाले.

पहिल्या दुकानदाराने पडदे ओढले, दिवे घालवले आणि भिंतीवर एक गुलाबाचं फूल दाखवलं. अंधारात काय, काजवाही झगझगतो! मी म्हटलं, "पडदे उघडा. आमच्या सभागृहाला मोठ्या खिडक्या आहेत आणि जेवणानंतर माणसांना अंधारात बसवलं की निम्मी घोरतात." पडदे उघडले आणि फूल गायब. दुसरीकडे उजेड बरा होता, पण आतला पंखा मिक्सरसारखा घरघरत होता. तिसरा अगदी इवलासा. खोक्यावर उजेडाचा आकडा असा छापलेला की सूर्यानेही लाजावं, आणि लावून पाहिला तर नुसता आनंदीआनंद.

मग मला शहाणपण सुचलं. फुलं कशाला बघायची? बैठकीत जे दाखवायचंय तेच पेनड्राइव्हवर घेऊन जावं आणि तक्त्यातली बारीक अक्षरं लांबून वाचता येतात का ते बघावं. चौथ्या दुकानात तसं केलं. दुकानदार भारी हौशी. भिंतीवरचं मोठ्याने वाचूनच दाखवायला लागला. "बघा ताई, अक्षर न् अक्षर दिसतंय!"

दिसत होतं खरं. पण मी तो घेतला नाही. रंग जरा निळसर वाटले.

मग आणखी दुकानं पालथी घातली. एकाची वायर आखूड, दुसरा फारच बोजड, तिसऱ्याच्या दुरुस्तीचा भरवसा नाही. साहेब वैतागलेत. "बाई, प्रोजेक्टर आणायचाय, जावई नव्हे!" वैतागू देत. प्रोजेक्टर येईपर्यंत बैठक होत नाही, एवढं मात्र खरं.

बरं, तुझ्या त्या मित्राचं काय झालं? त्याच्या कारखान्यात रंगकाम सांभाळायला बोलावत होता ना तुला? माणूस चांगला आहे. नाही म्हणायची घाई करू नकोस. सहज विचारतेय. हे लिहिताना गॅस बंद आहे का ते बघायला मी सारखी उठतेय. गॅस बंदच आहे.

उत्तर लगेच पाठव.

तुझी,
ताई


बुधवार, १२ मार्च

भोंग्या,

आशीर्वाद मागाहून. तुझं पत्र सकाळी मिळालं आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाहीये. शनिवारी मित्राला नकार कळवणार म्हणतोस. "ताई, ज्या रंगखात्यात हात मळवून मोठा झालो ते सोडून कुठे जाऊ? आणि बैठकीचं बोलावणं मलाही आलंय. बढतीच असणार! हिने नवा शर्टसुद्धा आणून ठेवलाय." हे वाचलं आणि मला पुढचं दिसेना.

त्या प्रोजेक्टरचे रंग निळसर नव्हते. त्यात काहीच खोट नव्हती. त्या दुकानाच्या भिंतीवर आलं ते असं: रंगखातं बंद करायचं, काम बाहेरून करून घ्यायचं, जूनअखेर सगळ्यांना निरोप द्यायचा. खाली यादी आणि यादीत पहिलं तुझं नाव. दुकानदार ते मोठ्याने वाचत होता. त्या बिचाऱ्याला काय माहीत! वर मला विचारतो, "पॅक करू का?"

म्हणून मी खुसपटं काढत राहिले. वाटलं, बैठक लांबली की साहेबांचं मन बदलेल. किती मूर्ख मी! प्रोजेक्टर मिळाला नाही म्हणून कुणी खातं चालू ठेवतं का? काल साहेब स्वतः गेले आणि त्याच दुकानातून तोच प्रोजेक्टर घेऊन आले. आज सभागृहात तो मीच लावून पाहिला. खिडक्या उघड्या असतानाही लख्ख दिसतं. बैठक सोमवारी आहे.

साहेबांना मी म्हटलं, "निदान भावाला आधी सांगू द्या." ते म्हणाले, "सोमवारच्या आत हे बाहेर गेलं तर कुणाकडून गेलं ते मला कळेल, बाई. मग तुमचीही खुर्ची राहणार नाही." मी मुंडी हलवून बाहेर आले. त्याची मला अजून चीड येतेय. संध्याकाळी तुला फोन लावला आणि वाजायच्या आत बंद केला. मी रडले असते आणि तू मलाच समजावत बसला असतास.

मित्राला हो म्हण. शनिवारची वाट बघू नकोस, पत्र हातात पडताच कळव. पत्र कुरिअरने पाठवतेय, शुक्रवारी मिळेल.

आता दुसरं. "हे कुणाकडे बोलू नकोस, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे" असं मी इथे लिहिलं होतं. वरची काळी केलेली ओळ तीच. तुझ्या खात्यातल्या एकाचं घर अर्धं बांधून झालंय, दुसऱ्याच्या मुलीचं कॉलेज आता सुरू होतंय, हे तूच मला सांगत असतोस. तुला ठाऊक असूनही त्यांना अंधारात ठेवायचं, तेही माझ्यासाठी, हे तुला जमणार नाही आणि जमूही नये. भाऊजींना विचारलं. ते म्हणाले, "तुझी नोकरी गेली तर बघू. माणसं तोंडघशी पडली तर काय बघणार?" मला भीती वाटते रे. नाही असं नाही. पण त्या सगळ्यांचं नशीब भिंतीवर उमटायचं आणि बटण मी दाबायचं, हे मला होणार नाही.

त्यांना सांग. आणि कुणी विचारलं, ही बातमी आणली कोणी, तर बिनधास्त माझं नाव घे.

तुझी,
ताई